काटेपूर्णालाच ने लेकरांना

अगं, चौथीची सहल मेळघाटात न्यायची, आणि तीही एका दिवसात, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? मुख्याध्यापकांनी भरवलं असेल तर त्यांना म्हणावं, आधी तुम्ही स्वतः पोरांच्या पिशव्या मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर बसा. अकोल्याहून अंधारात निघायचं, परतवाड्याला पोचेपर्यंत निम्मी सकाळ जाते, आणि मग सुरू होतो घाट. तिसऱ्या-चौथ्या वळणावर एक पोट्टी पिवळी पडते. तिला ओकारी झाली की तिच्या मागच्याला होते, मग त्याच्या शेजारणीला, आणि अख्खी गाडी लिंबाच्या फोडी हुंगत सेमाडोहला उतरते. तिथे एका जिप्सीत सहा जण. तुझी चाळीस लेकरं, म्हणजे निदान सात जिप्स्या. तुम्ही शिक्षक किती? चार. मग उरलेल्या गाड्यांतली आठ-नऊ वर्षांची पोरं कुणाच्या भरवशावर? तिथले गाइड चांगले असतात, बहुतेक आसपासच्या गावांतली कोरकू पोरं, त्यांना जंगल पाठ असतं. पण लेकरू कुणाच्या हवाली केलं होतं, याचं उत्तर पालकांना तुला द्यायचं आहे, त्यांना नाही.

आणि एवढं सगळं करून वाघ? मेळघाट म्हणजे ताडोबा नाही, बाई. डोंगर, दऱ्या, दाट सागवान. वाघ आहेत, पण ते रस्त्यात येऊन उभे राहत नाहीत.

मेळघाटावर माझा राग आहे असं समजू नको. उलट सगळी नोकरी त्याच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात गेली माझी. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प आला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता, महाराष्ट्रातला पहिला. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या सगळ्या तिथून निघून तापीला मिळतात. ते सगळं बघायला दोन दिवस, एक मुक्काम आणि आठवी-नववीचं वय लागतं. चौथीच्या पोरांना तिथून काय आठवतं ते मी बघितलेलं आहे. कोण कुठे ओकलं ते, आणि चिखलदऱ्याला घेतलेली प्लॅस्टिकची दुर्बीण.

तू त्यांना काटेपूर्णाला ने.

नाक मुरडू नको. अकोल्याहून तास-सव्वा तास, मधे घाट नाही, संध्याकाळच्या आत घरी. १९८८ साली जाहीर झालेलं अभयारण्य, जेमतेम ७३ चौरस किलोमीटरचं, महानच्या धरणाला लागून. पण तुझ्या शाळेसाठी त्याच्याइतकं बरोबर बसणारं जंगल दुसरं नाही, आणि त्याचं कारण नळात आहे. पोरांना आधी वर्गात विचार, नळाला पाणी कुठून येतं? 'टाकीतून.' टाकीत कुठून? इथे अर्धा वर्ग गप्प बसेल. अकोल्याच्या लेकराला नळाचा दिवस कोणता ते झोपेतही सांगता येतं, त्या दिवशी आई पहाटे उठून गुंड, बादल्या, ड्रम भरते हे त्याला ठाऊक असतं, पण ते पाणी महानच्या धरणातलं, आणि त्या धरणाच्या काठावर जंगल राखलेलं आहे म्हणून पावसाचं पाणी मुरत, गाळ सोडत खाली येतं, हे कुणी सांगितलेलं नसतं. नकाशा काढ फळ्यावर. काटेपूर्णा नदी, ती जाते पूर्णेला, पूर्णा तापीला, तापी समुद्राला. आपण वापरतो ते पाणी बघायला चाललो आहोत, असं सांग. सहलीचं निम्मं काम वर्गातच होतं.

तिथे चौसिंगा आहे. हे नाव पोरांच्या तोंडात आधीच बसू दे. जंगली जनावरांत चार शिंगं असलेलं हे एकटंच, आणि शिंगं फक्त नराला. पुढची दोन इतकी आखूड, की गवतात दिसतही नाहीत. वाघ जगभर सगळ्यांना माहीत, चौसिंगा भारत आणि नेपाळ सोडला तर कुठे नाही, आणि तो अकोल्याच्या अंगणात राहतो. दिसेल का? बहुधा नाही. लाजाळू जनावर, एकेकटं फिरणारं. चाळीस पोरांची चाहूल लागली की ते कधीच पसार. म्हणून दिसण्याचं वचन कुणालाच देऊ नको.

यावरून पालकसभेचं सांगते, कारण सहल खरी बिघडते तिथे. सभेत तू 'वाघ' हा शब्द काढलास की संपलं. संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक लेकराला घरचे एकच विचारतात, 'वाघ दिसला काय रे?' पोरगं म्हणतं, 'नाही.' 'मग काय पायलं? पैसे गेले फुकट.' दिवसभर त्या पोराने जे जे बघितलं, ते त्या एका वाक्यात पुसलं जातं. मी तर पालकांना सरळ सांगत असे, हा प्रश्न विचारायचा नाही. त्याऐवजी विचारा, 'कशाचा आवाज ऐकला?' हसतात ते. पण निम्मे तरी ऐकतात.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. तुझी शाळा शहराच्या कडेला. निम्मी पोरं अकोल्याची, निम्मी आजूबाजूच्या खेड्यांवरून ऑटोत कोंबून येणारी. ही खेड्यावरची पोरं जंगली जनावरांना कोरी नसतात. त्यांच्या वावरात रोही, म्हणजे नीलगायी, रोज येतात. रानडुकरं एका रात्रीत हरभरा उकरून टाकतात. बाप तुरीत जागलीला जातो, थंडीत, हातात टॉर्च आणि डबा. त्या लेकरासमोर उभं राहून तू पुस्तकातल्यासारखं म्हणालीस, 'प्राणी आपले मित्र आहेत', तर ते काही बोलणार नाही, मान डोलावेल, पण मनातून तुझं ऐकणं सोडून देईल. त्याच्या घरी या मित्राने वर्षाचं पीक खाल्लेलं असतं.

म्हणून आधी त्यांना बोलू दे. एक तास फक्त यालाच दे. कुणाच्या वावरात काय येतं, कधी येतं, कोणत्या धुऱ्यावरून येतं, बाप काय करतो. वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज केला का, पैसे किती दिवसांनी आले, हेसुद्धा निघेल, निघू दे. शहरातली पोरं तोंडाचा आ वासून ऐकतील, त्यांनी रोही फक्त चित्रात बघितलेला असतो. मग तू विचार, रोही वावरात का येतो? त्याचं गवत कुठे गेलं? माळावर आधी काय होतं आणि आता काय आहे? उत्तरं तूच द्यायची घाई करू नको. खेड्यावरच्या पोराला त्याच्या आजाने सांगितलेलं असतं, अमुक ठिकाणी आधी ई-क्लासचं, म्हणजे सरकारी पडीक रान होतं, आता तिथे प्लॉट पडले. एवढं वर्गात बोललं गेलं, की अभयारण्य म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. जनावराला आपल्या वावरात यायची गरज पडू नये म्हणून ठेवलेली जागा, हे त्यांचं तेच म्हणतात.

इथेच त्यांना टिपेश्वरच्या वाघाची गोष्ट सांग. वाघ दाखवू नको म्हटलं मी, गोष्ट सांगू नको असं नाही म्हटलं. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. विदर्भ, तेलंगणा, मराठवाडा असं फिरत फिरत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरच्या वर चालणं झालं होतं त्याचं. कागदावर नाव टी-वन-सी-वन, लोक म्हणायला लागले वॉकर. दिवसा नाल्यात, झुडपात पडून राहायचा आणि रात्री चालायचा, वावरं, रस्ते, गावं ओलांडत. स्वतःची हद्द आणि जोडीदारीण शोधत होता. एवढ्या वाटेत माणसाशी त्याची झटापट झाली ती एकदाच, तो पडला होता त्या झुडपात काही लोक शिरले तेव्हा, आणि तेही थोडक्यावर निभावलं. पोरांना फळ्यावरच्या नकाशात ही वाट काढू दे. कुणीतरी हमखास म्हणतंच, 'मॅडम, म्हणजे तो आमच्या मामाच्या गावाकून गेला असन!' गेला असेलही. कोण जाणे.

वर्गात एखादं लेकरू असं असतं, जे अभ्यासात मागे, मागच्या बाकावर, कुणाशी फार बोलत नाही. बाप बकऱ्या चारतो, नाहीतर वीटभट्टीवर मेळघाटातून आलेलं कोरकू घर असतं. त्या लेकराला सहलीत पुढे घे. मुद्दाम. पण 'आज तू आमचा गुरू' असली नाटकं नकोत, त्याने ते अजून बुजतं. नुसतं त्याच्याजवळून चाल आणि विचार, 'हे काय असेल रे?' जमिनीवर एका जागी लेंड्यांचा ढीग दिसेल. शहरातली पोरं 'ई' करून मागे सरतील. ते पोरगं म्हणेल, 'रोह्याच्या हायेत. तो रोज येऊन त्याच जागी टाकते.' आणि ते अगदी खरं आहे, रोह्याची ती सवयच असते. लेंडी ओली की सुकी, यावरून जनावर कधी गेलं ते त्याला सांगता येतं. त्या दिवसानंतर वर्गात त्या लेकराची जागा बदलते. हे मी एकापेक्षा जास्त वेळा होताना बघितलंय, म्हणून एवढं ठासून सांगते. लेखक मारुती चितमपल्लींचंच बघ. सोलापूरचे, वनखात्यात उभी नोकरी केली, मेळघाटातही होते, २०२५च्या जूनमध्ये गेले. एवढा जंगलाचा जाणकार माणूस, पण कितीतरी गोष्टी आपण आदिवासींकडून, गुराख्यांकडून, पारध्यांकडून शिकलो, असं त्यांच्या लिहिण्यात जागोजागी येतं. मग आपण तर मास्तरीणबाई.

पारध्यांचं नाव निघालं म्हणून एक नाजूक गोष्ट. अमरावती-अकोल्याकडे फासेपारधी समाजाची लेकरं आता शाळेत येतात, तुझ्याही वर्गात असतील. वनरक्षक शिकारीबद्दल बोलायला लागला की एखादं आगाऊ पोट्टं हमखास त्याच्याकडे बोट दाखवतं. तिथे तू गप्प राहिलीस तर ते लेकरू पुन्हा सहलीला येणार नाही, कदाचित शाळेतही नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का मात्र लोकांच्या जिभेवरून गेला नाही. चौथीच्या पोरांना कायदा सांगू नको. पण वनरक्षकाला आधीच बाजूला घेऊन सांग, शिकारीचं बोलाल तेव्हा राजे-साहेबलोकांनी हौसेने मारलेल्या वाघांचं बोला, तेही खरंच आहे. आणि पाखरांचे हुबेहूब आवाज काढणारं कुणी वर्गात असेल, तर त्याला तिथे काढू दे.

आता कामाचं बोलू.

सहलीच्या आधी एका रविवारी तू स्वतः जाऊन ये. फोनवर विचारून भागवू नको. फाटकातून चालत किती लांब जावं लागतं, सावली कुठे आहे, प्यायचं पाणी आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोरींसाठी संडास कसा आहे, त्याला कडी आहे का, पाणी आहे का. नसेल तर वाटेतल्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेव, आपल्या जिल्ह्यात नाही म्हणणारं कुणी भेटत नाही. पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, का ते तुला सांगायला नको. मग परतीच्या वाटेवर डोकं दुखतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं.

गाडी एसटीची घे. शाळेच्या सहलीला निम्मं भाडं पडतं, आणि ड्रायव्हर रात्री तीनपर्यंत लग्नाची वरात सोडून आलेला नसतो. डीजे नसतो म्हणून पोरं कुरकुरतील, कुरकुरू दे. अंताक्षरी खेळा जाताना, फाटक आलं की बंद.

पैशाचं आधी बघ. दर वर्षी दोन-तीन लेकरं सहलीच्या दिवशी 'बिमार' असतात. ती बिमार नसतात. बापाने यादीत नाव दिलेलं नसतं, कारण शंभर-दोनशे रुपये निघत नाहीत, आणि ते सांगायची लाज वाटते. यादी वर्गात वाचून दाखवू नको, पैसे वर्गात गोळा करू नको. नाव नसलेल्या घरी संध्याकाळी चक्कर मार. शाळा व्यवस्थापन समितीतलं कुणीतरी बोलावं लागतं, पण ते पैसे कुणी दिले हे कुणालाच कळता कामा नये, त्या लेकराला तर मुळीच नाही. ज्या पोराला चालता येत नाही त्यालाही घेऊनच जायचं. धरणाच्या काठावर बसून पाखरं बघायला पाय लागत नाहीत, आणि हिवाळ्यात खरी मजा तिथेच असते.

बोटीचं मात्र ऐक. धरण म्हटलं की पोरं बोटीचा हट्ट धरतात, आणि शिक्षकांनाही वाटतं, एवढ्या लांब आलोय तर एक चक्कर. १८ जानेवारी २०२४ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत जास्तीची माणसं भरलेली होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटं नव्हती. त्या दोन बाईंचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांनीही सकाळी घरून डबा घेतला असेल, हजेरी घेतली असेल. तुझ्या सहलीत बोट नाही, हे आधीच जाहीर करून टाक, कारण काठावर पोचल्यावर चाळीस तोंडांपुढे नाही म्हणणं जड जातं. पाण्यात पाय बुडवायलाही नको. धरणाचा गाळ वरून सपाट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत ओढतो.

पुढे कधी नरनाळ्याला नेशील, शहानूरच्या बाजूने, तर तिथे आणखी एक धाक ठेव. किल्ल्याच्या कमानींना, कड्यांना आग्यामोहोळं असतात. दगड मारायचा नाही हे पोरांना सांगावं लागत नाही असं आपल्याला वाटतं. लागतं. धूर नको, फटाका नको, आणि ज्या मॅडम अत्तर फवारून येतात त्यांनाही प्रेमाने सांग. आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, पालापाचोळ्यात बघून पाय टाकायचा, ही ताकीद काटेपूर्णालाही लागू. घोणस पाचोळ्यात पडली की पाचोळाच दिसते.

कपडे मातकट, हिरवे, खाकी. नवा लाल ड्रेस घालायची परवानगी मागायला पोरी येतील, त्यांना परतीच्या गाडीत अंगावर चढवायला लाल रुमाल आणू दे, तोड काढायची काहीतरी. पायांत बूट, नसतील तर घट्ट पट्ट्याची चप्पल, आणि कुणाकडे काय आहे ते आदल्या दिवशी बघून ठेव. दोघादोघांच्या जोड्या लावून दे. मोजताना तू डोकी मोजत बसू नको, जोडीने हात वर करायचा, एकच हात वर आला की कळतं.

जेवण घरचं. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. आपल्या वऱ्हाडी माणसाला बाहेर गेलं की रोडगे आणि वांग्याची भाजी केल्याशिवाय बाहेर गेल्यासारखं वाटत नाही, आणि तुझे सहकारी गोवऱ्या घेऊन निघतीलही, पण अभयारण्यात जाळ करायचा नसतो. सुकल्या गवताला एक ठिणगी पुरते. रोडगे शाळेच्या मैदानात करा, दुसऱ्या शनिवारी. वानरांना पुरीचा तुकडा द्यायचा नाही, फोटोसाठीही नाही. एकदा दिला की पुढच्या शाळेच्या पोराच्या हातातून ते डबाच ओढतात. चॉकलेटचे कागद खिशात. परत येताना प्रत्येकाचा खिसा गाडीत उलटा करून घे, सगळ्यात जास्त कचरा निघेल त्याचं कौतुक कर.

आत गेल्यावर पोरांना पळवू नको. दहा ठिकाणं दाखवायच्या नादात काहीच बघून होत नाही. एका झाडाखाली बसव, डोळे मिटायला लाव, आणि ऐकू येणाऱ्या आवाजाला एकेक बोट मोडायला सांग. पहिली दोन मिनिटं खुसुखुसू हसतील, त्यांना रागावू नको, ते हसू आपोआप विरतं. मग वाऱ्याचा आवाज सुटा होतो, पानांचा सुटा, मधेच लांबून वानराचं खॅक्-खॅक्. ते ऐकलं तर लगेच डोळे उघडायला लाव. वानर शेंड्यावर बसलेलं असतं, बिबट दिसला की तेच आधी ओरडतं, आणि खाली हरणं असतात ती कान टवकारतात. झाडावरून वानरं पाला पाडतात, तो हरणं खातात. एकमेकांचं असं चालतं. हे सांगितलं की पोरं खाली वाकून पाडलेला पाला शोधायला लागतात, आणि मग त्यांना फुलपाखराचा सुरवंट सापडतो, वारूळ सापडतं, मुंगळ्यांची रांग सापडते. तासभर जातो. तू फक्त मागे उभी राहा.

सागाचं कोवळं पान खाली पडलेलं मिळालं तर चुरगाळून एकाच्या तळहातावर चोळ. हात लालभडक होतो. तोडायचं नाही हं, पडलेलंच. ऐनाच्या सालीवर हात फिरवू दे, मगरीच्या पाठीसारखी खडबडीत. काठावर बसून पाणपक्षी बघताना नावांची परीक्षा घेऊ नको. केशरी-विटकरी रंगाची जोडी दिसली तर चक्रवाक, तो लडाखकडून, हिमालय ओलांडून आलेला पाहुणा, आणि उन्हाळ्यात परत जाणार. बाकीच्यांची चित्रं काढू दे, नाव शाळेत आल्यावर शोधता येतं.

परतीच्या गाडीत सगळे पेंगतात. जे जागे असतील त्यांना पिंगळ्याची गोष्ट सांग. माझ्या वर्गात ही गोष्ट कधीच वाया गेली नाही. रानपिंगळा म्हणून छोटं घुबड, मध्य भारतातलं. १८८४ नंतर कुणाला दिसलं नाही, सगळे म्हणाले, संपलं. आता त्या काळातल्या पक्ष्यांचे पेंढा भरलेले नमुने इंग्लंडच्या संग्रहालयांत होते. मेनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्यातला एक चोरला, वरची चिठ्ठी बदलली, आणि हा मी स्वतः १९१४ साली गुजरातेत मिळवला म्हणून सांगितलं. लोक त्या खोट्या पत्त्यावर शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती चोरी पकडली, तो पत्ता बाद केला, जुन्या खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि १९९७च्या नोव्हेंबरात साथीदारांबरोबर नंदुरबारकडे शहाद्याजवळच्या जंगलात गेल्या. पिंगळा तिथे झाडावर बसलेला, भर दिवसा, कारण हा दिवसा हिंडणारा आहे. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो आपल्या मेळघाटातही सापडला. 'चोराला शिक्षा झाली काय, मॅडम?' असं विचारतातच. नाही झाली, चोरी उघडकीला आली तोवर तो मरून गेला होता. पोरांना हे अजिबात पटत नाही, बसमध्ये बराच वेळ त्याला काय शिक्षा द्यायला हवी होती यावर वाद चालतो, आणि अकोला कधी येतं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' निबंध लिहायला लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. 'आम्ही सकाळी लवकर उठलो. आम्हाला खूप मजा आली.' चाळीस वह्यांत तेच. त्यापेक्षा प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी फक्त त्यानेच बघितली, शेजाऱ्याने नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने काढून दाखवायची. ज्याने सांगितलं 'काहीच नाही बघितलं', त्याला खोडून काढू नको, त्याला विचार, मग कंटाळा कधी आला? कंटाळ्याच्या आधीचं सगळं तो आपसूक सांगतो.

पत्र मात्र आजच लिही. एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला, सहलीची तारीख, मुलं किती, मुली किती, शिक्षक किती, आणि वनरक्षकांनी अर्धा तास बोलावं ही विनंती. शक्य असेल तर वनरक्षक ताई मागून घे. आता खात्यात बऱ्याच पोरी आल्या आहेत, आणि वर्दीतल्या ताईला बघून तुझ्या मुलींच्या चेहऱ्यावर काय येतं ते तूच बघ. दुसरं पत्र शिक्षण विभागाच्या परवानगीचं, पालकांची संमतीपत्रं जोडून. दोन्हींच्या दोन दोन प्रती काढ आणि एकीवर पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. तारीख डिसेंबरातली टाक, जानेवारीत स्नेहसंमेलनाची तालीम लागते आणि मग मुख्याध्यापक कुणाचंच ऐकत नाहीत. आणि रविवारी बघायला जाशील तेव्हा मला फोन कर, मी अमरावतीहून सकाळच्या गाडीने येते. डबा मी आणीन, तू फक्त पाणी घे.